आत्याची वेगळी चूल

आत्याला उठता येतं का, या साध्या प्रश्नावर आमच्या घरात अजून एकमत झालेलं नाही. डॉक्टरांच्या मते येत नाही. आत्याच्या मते येतं, पण सध्या तिची इच्छा नाही. बायकोच्या मते येतं, फक्त त्यासाठी बायकोला वाकावं लागतं. माझं मत कोणी विचारलंच नव्हतं. ते पहिल्यांदा विचारलं सरकारने, आणि तेही 'होय / नाही / कधीकधी' एवढ्यात उरकायला सांगून.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली, लग्न केलं नाही, आणि गेली कित्येक वर्षं आमच्याकडे राहते. खरं तर आम्ही तिच्याकडे राहतो असं वाटावं अशा पद्धतीने ती राहते. ती बाथरूममध्ये घसरली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि ती घरी आली. सोबत चार पायांचा एक वॉकर आला. त्याला तिने पहिल्याच दिवशी भिंतीकडे तोंड करून उभं करायला लावलं. जुनी सवय.

"घरी एक सिस्टर ठेवा," डॉक्टर म्हणाले. "अंघोळ, व्यायाम, कूस बदलणं. घरच्यांना नाही जमायचं ते."

मी सिस्टर पुरवणाऱ्या संस्थेत फोन केला. तिथल्या बाईंनी अत्यंत मृदू आवाजात दर सांगितला. मी म्हणालो, "महिन्याला जरा जास्त वाटतो हो."

"तो आठवड्याचा आहे," बाई आणखी मृदू आवाजात म्हणाल्या.

मी फोन ठेवला आणि घरच्यांनाच जमवायचं ठरवलं. घरचे म्हणजे बायको. ती वाचनालयात नोकरी करते. तिने रजा काढली. मीही हातभार लावायला गेलो होतो, पण आत्याने, "तू नको रे, तू लहानपणापासून सांडतोस," असं म्हणून मला परत पाठवलं. त्यामुळे मी दुसऱ्या खोलीत बसून लक्ष ठेवत असे. आत्याला उठवताना दोघींच्या तोंडून एकाच वेळी 'आई गं' निघायचं, आणि कोण कोणाला उठवतंय ते भिंतीपलीकडून कळायचं नाही.

रजा संपत आली तेव्हा बायको कंबर धरून माझ्यासमोर बसली.

"अण्णांना विचारा ना. त्यांचीही आत्याच आहे."

अण्णा हा माझा चुलतभाऊ. मोठा बंगला, मोठी गाडी, मोठा आवाज. त्याच्यापुढे हात पसरायचा? मी ताठ झालो. "आपण कोणाकडेही मागणार नाही."

"मग?"

"सरकारकडे मागू."

सरकारकडे मागणं हे मागण्यात धरत नाहीत, असं माझं मत आहे. आपण कर भरतो. फार तर परत मागतो असं म्हणता येईल.

आता सरकारकडे कसं मागावं हे विचारायला आमच्या इमारतीत एकच माणूस होता. वरच्या मजल्यावरचे नियमकाका. कुठल्याशा खात्यात आयुष्य काढून ते निवृत्त झाले होते. ते कोणत्या खात्यात होते हे कोणालाच नक्की माहीत नाही, पण नियम त्यांना सगळ्या खात्यांचे येतात. जिन्यात भेटलेल्या माणसालाही ते, "उजव्या बाजूने उतरायचं असतं," असं सांगतात.

"शुश्रूषा अनुदान!" काका उद्गारले. जणू त्यांच्या एखाद्या जुन्या मित्राचं मी नाव घेतलं होतं. "सोपं आहे. अर्ज करा, पाहणीला माणूस येईल, पैसे सुरू. फक्त एक लक्षात ठेवा."

"काय?"

"खरं तेच लिहा, पण सगळं लिहू नका."

हे वाक्य मला त्या वेळी फार खोल वाटलं. घरी येईपर्यंत त्याचा अर्थ निसटला होता.

कार्यालयात मी अर्ज घेऊन पोचलो. पाच नंबरच्या खिडकीने मला दोनकडे पाठवलं, दोनने विचारलं की पेशंट आजारी आहे की म्हातारा. मी म्हणालो दोन्ही. "दोन्हीसाठी खिडकी नाही," तिथल्या बाई म्हणाल्या, आणि मला शेवटच्या खिडकीकडे बोट दाखवलं. तिथे एक जाड चष्म्याचे गृहस्थ बसले होते. त्यांनी अर्ज वाचला. इतक्या सावकाश की मलाच वाटायला लागलं, आपण फार चांगलं लिहिलंय.

"पेशंट कोणाकडे राहते?"

"आमच्याकडे."

"मग तुमचं उत्पन्न धरणार. ते मर्यादेच्या वर आहे. मदत मिळणार नाही."

"पण पेन्शन तिची, आजार तिचा."

"वेगळ्या राहत असत्या तर फक्त त्यांचं धरलं असतं."

"अहो, ती वेगळी कशी राहील? तिला उठताच येत नाही."

"मग उठवतं कोण?"

"माझी बायको."

"म्हणजे मदत मिळतेच आहे की!" ते समाधानाने म्हणाले. एखादं गणित सुटल्यावर चेहऱ्यावर येतं तसलं समाधान. माझ्या डोक्यात मात्र त्या गणिताची पायरी कुठेतरी गाळली गेली होती. मी तीच पायरी शोधत उभा राहिलो, तोवर मागच्या माणसाने मला कोपराने बाजूला सारलं.

नियमकाकांना हे सांगितलं तर ते खूश झाले. "एकाच छताखाली राहिलं तरी कुटुंब वेगळं असू शकतं! स्वयंपाक वेगळा तर कुटुंब वेगळं. अर्जात तसं लिहून तो पुन्हा द्या, आणि आत्यांच्या खोलीत एक शेगडी ठेवा. पाहणीवाल्यांना दिसली की झालं."

"पण आत्या आमच्यातच जेवते."

"तुम्ही काही बोलू नका. शेगडी बोलेल."

मी प्रामाणिक माणूस आहे. आयुष्यात मी रांग मोडलेली नाही. पण बायकोची रजा संपायला आली होती आणि आदल्याच दिवशी आत्याला खुर्चीत बसवताना दोघीही पलंगावर कोसळल्या होत्या. नशिबाने पलंगावर. मी बाजारात गेलो आणि एका बर्नरची शेगडी विकत घेतली. दुकानदाराने विचारलं, "बॅचलर मुलासाठी का?" मी म्हणालो, "आत्यासाठी." त्याने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, त्यावरून पुढच्या गोष्टींचा मला अंदाज यायला हवा होता.

खोकं घेऊन जिना चढत होतो, तेव्हा तळमजल्यावरच्या वहिनी दारात उभ्या होत्या. त्या नेहमीच दारात उभ्या असतात. दार त्यांच्याशिवाय उघडं राहू शकत नाही.

"काय आणलंत?"

"शेगडी."

"तुमची बिघडली?"

"नाही, आत्यासाठी. तिच्या खोलीत."

वहिनींनी छातीवर हात ठेवला. "आत्यांची वेगळी चूल मांडली तुम्ही?"

"तसं नाही, म्हणजे, कागदोपत्री."

कागदोपत्री हा शब्द अशा वेळी वापरू नये. त्याने बिघडलेलं आणखी बिघडतं. त्यापुढची बातमी कोणत्या वाटेने गेली हे मी शोधून काढू शकलो नाही. पण अंधार पडायच्या आत आत्याच्या एका जुन्या सहकारी शिक्षिकेचा फोन आला, आणि "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती," एवढंच बोलून त्यांनी तो ठेवला. पाठोपाठ एक मावसबहीण रडली. माझं म्हणणं कोणी ऐकून घेईना. मी जे केलं नव्हतं त्याबद्दल शरमिंदा होतो, आणि जे केलं होतं ते कोणाला कळत नव्हतं, हे मात्र बरंच होतं.

शेगडी बघून आत्या म्हणाली, "हे काय?"

"तुला चहा प्यावासा वाटला तर."

"मला उठता येतं असं तू शेवटी मान्य केलंस, हे चांगलं झालं," आत्या म्हणाली, आणि उशीला टेकली.

पाहणीच्या दिवशी घर नेहमीपेक्षा गरीब दिसावं म्हणून मी दोन खुर्च्या आत सरकवल्या. बायकोने त्या पुन्हा बाहेर आणल्या. "बसायचं कुठे त्यांनी?" बाकी सगळं ठरलेलं होतं. आत्याने फक्त पडून राहायचं होतं. आम्ही तिला तसं सांगितलंही होतं. चूक तिथेच झाली. आत्याला आजवर कोणी काही सांगितलेलं नव्हतं.

पाहणीच्या बाई आल्या. सर्दीने त्यांचं नाक लाल झालं होतं, हातात फाइल होती. आत्याच्या खोलीत शिरल्या तर आत्या पलंगावर ताठ बसलेली, केस विंचरलेले, चष्मा लावलेला.

"या, बसा," आत्या म्हणाली. "सर्दीत पंख्याखाली बसू नका. ती खिडकीजवळची खुर्ची घ्या."

बाई निमूट त्या खुर्चीत बसल्या. मला वाटलं, आता तपासणी नेमकी कोणाची?

"आजी, तुमचा स्वयंपाक वेगळा असतो का?" बाईंनी शेगडीकडे पाहत विचारलं.

मी खिडकीबाहेर बघायला लागलो. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं, तरी बघितलं.

"छे! त्या शेगडीचं काय प्रयोजन आहे, हे मलाही याने नीट सांगितलेलं नाही. मी सुनेच्या हातचं जेवते. मीठ कमी असतं, पण तेवढं चालायचंच."

बाईंनी लिहिलं. मीठ लिहिलं की नाही ते दिसलं नाही.

"स्वतःहून उठता येतं?"

"अर्थात."

"आत्या!" मी आणि बायको एकदम म्हणालो.

आत्याने आमच्याकडे वर्गात कुजबुजणाऱ्या मुलींकडे पाहावं तसं पाहिलं. मग दोन्ही हात पलंगावर रोवले आणि ती उठली. खरंच उठली! ओठ घट्ट मिटून, कपाळावर घाम घेऊन, वॉकरला हातही न लावता, आधी कपाट, मग टेबलाची कड, मग भिंत असं करत ती दारापर्यंत गेली. चौकट धरून मागे वळली. "लिहा," म्हणाली.

मला काय वाटायला हवं होतं, हे मला आजही सांगता येणार नाही. ऑपरेशननंतर आत्या पहिल्यांदा चालली होती. टाळ्या वाजवाव्यात असं वाटलं. त्याच वेळी आमचं अनुदान तिच्याबरोबर पावलापावलाने दाराबाहेर चाललं होतं. मी टाळी वाजवायला उचललेले हात डोक्याला लावले.

नेमकी तेव्हा बेल वाजली. बायकोने दार उघडलं आणि अण्णा आत आला. आधी आवाज आला, मागून तो, चौकटीतल्या आत्याला न बघताच सरळ खोलीत.

"कुठे आहे आत्या? तिला वेगळं काढलंत? या घरात? मी जिवंत असताना?" मग फाइलवाल्या बाई दिसल्यावर तो त्यांच्याकडे वळला. "वकील का तुम्ही? लिहून घ्या. आत्याला आम्ही सगळे आहोत. मी आत्ताच्या आत्ता तिला माझ्या घरी घेऊन जातोय."

"घेऊन जा की," बायको शांतपणे म्हणाली. इतक्या शांतपणे की मी दचकलो. "फक्त आधी त्यांना पलंगापर्यंत घेऊन या."

आम्ही सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. आत्या अजून चौकट धरून उभी होती. जाताना ती गेली होती, परत येणं तिला जमत नव्हतं. ते कोणाला कळू नये म्हणून ती बाईंशी बोलत राहिली होती. आल्याचा काढा, गरम पाण्याची वाफ, सर्दीत थंड पाणी कसं पिऊ नये. बोलता बोलता तिच्या हाताची बोटं पांढरी पडली होती.

"आत्या, येतेस ना?" मी म्हणालो.

"येते. घाई काय आहे?" तिने चौकटीवरची पकड बदलली. मग तिने माझ्याकडे बघितलं नाही, अण्णाकडेही नाही. ती माझ्या बायकोकडे बघून म्हणाली, "अगं, जरा हात दे."

हे शब्द आमच्या घरात आत्याच्या तोंडून कोणी ऐकले नव्हते. बायको पुढे झाली, पण तिच्या आधी अण्णा धावला. "बाजूला हो, मी घेतो!" असं म्हणून त्याने आत्याला काखेत हात घालून एकदम उचललं. आत्या उचलली गेली. अण्णाच्या पाठीतून मात्र कट्कन आवाज आला. तो तसाच, अर्धा वाकलेला, आत्याला धरून उभा राहिला.

"अण्णा?"

"हलवू नका," अण्णा बारीक आवाजात म्हणाला. एवढ्या बारीक आवाजाची सोय त्याच्याकडे आहे हे मला ठाऊक नव्हतं.

मग बायकोने आत्याला धरलं, मी अण्णाला, आणि नक्की कोणाला कुठे न्यायचं यावर थोडा गोंधळ होऊन शेवटी आत्या खुर्चीत आणि अण्णा आत्याच्या पलंगावर असा निकाल लागला. पाहणीच्या बाईंनी उठून मदत केली नाही. त्या भराभरा लिहीत होत्या. मध्येच एकदा शिंकल्या, तेवढंच.

मग त्या गेल्या. अण्णा पालथा पडून होता. उशीत तोंड घालून तो म्हणाला, "हे... रोज असं असतं?"

"दिवसातून पुष्कळ वेळा," बायको म्हणाली. "अंघोळ वेगळी."

"मला कोणी सांगितलं का नाही?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा खिडकीबाहेर.

"माझ्याकडे नेतो म्हणालो ते..." अण्णाने कण्हत कूस बदलायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. "त्यापेक्षा असं करू. सिस्टरच्या खर्चातला माझा वाटा मी देतो. नाही म्हणू नका."

मी स्वाभिमानाने काहीतरी बोलणार होतो. बायको म्हणाली, "नाही म्हणत नाही आम्ही." आणि ते तिथेच मिटलं. आत्या खुर्चीतून अण्णाला म्हणाली, "आता पडलाच आहेस तर गुडघे जवळ घे. व्यायाम मला शिकवलेत दवाखान्यात."

अनुदानाची आशा मी सोडून दिली होती. आणि मंजुरीचं पत्र आलं! पूर्ण अनुदान. मी ते उभ्याउभ्या वाचलं, बसून वाचलं, मग नियमकाकांना दाखवलं. "शेगडीचा गुण," काका म्हणाले. पण पत्राच्या खाली पाहणीचा शेरा होता: 'घरात माणसे पुष्कळ आहेत. उचलू शकणारे कोणी नाही. रुग्णास चालता येते. परतता येत नाही.' आणि वर्ग लिहिला होता: निराधार वृद्धा.

मी पत्र नाचवत आत्याकडे गेलो. तिने चष्मा लावून ते वाचलं, लाल पेन मागितलं, आणि एका शब्दाखाली रेघ ओढली.

"हे कोणाला म्हटलंय?"

"तो फक्त वर्ग आहे गं."

"शाळेतसुद्धा मी कोणाला चुकीच्या वर्गात बसू दिलं नाही. निराधार? मी? हे दुरुस्त करून आण."

"आत्या, दुरुस्त केलं तर पैसे कमी होतील. निम्मे होतील कदाचित."

"होऊ देत."

मी बायकोकडे आशेने बघितलं. व्यवहार तिला कळतो. ती दारात उभी होती, कंबरेला गरम पाण्याची पिशवी बांधून. तिने एकदा आत्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अण्णांचा वाटा आहे, हे अर्धं मिळेल, उरलेलं आपण घालू. जाऊन या."

म्हणजे मी पैसे मिळवायला निघालो होतो, ते मिळाले, आणि आता ते कमी करून घ्यायला रजा टाकून निघालो. यात कोण शहाणं आणि कोण नाही, याचा विचार करत मी त्या शेवटच्या खिडकीपाशी पोचलो. जाड चष्म्याचे गृहस्थ तेच होते.

"दुरुस्ती? वाढवून पाहिजे असेल."

"नाही. कमी होईल असं वाटतं."

त्यांनी चष्मा काढला. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला खूण करून बोलावलं, आणि दोघांनी मला नीट पाहून घेतलं. मग त्यांनी आत्याने स्वतःच्या हाताने लिहिलेलं पत्र वाचलं. ओळीच होत्या दोन. 'मी निराधार नाही. मला फक्त सिस्टर हवी आहे.'

"ठीक आहे," ते म्हणाले. "मग यांना आधार कोणाचा, ते घालावं लागेल. इथे."

मी सांगायला लागलो. आम्ही दोघं आहोत, अण्णा आहे, त्याची पाठ आता बरी आहे...

"एकच नाव. एकच ओळ आहे."

मी पेन हातात घेतलं. साहजिकपणे माझं नाव लिहायला गेलो, पहिलं अक्षर अर्धं उमटलंही. मग ते खोडलं आणि बायकोचं नाव लिहिलं.

"पेशंटशी नातं?"

"भाचेसून."

"आणि तुम्ही कोण?"

एवढे अर्ज भरले होते, पण हा प्रश्न कुठल्याच अर्जात नव्हता. मागे रांग होती, विचार करायला वेळ नव्हता.

"मी अर्ज घेऊन आलोय," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली आणि शिक्का मारला. "झालं तुमचं काम. आता घरी जा. तिकडे उठवायला हात लागत असेल."